शेवटची भेट न झालेली मुलं

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाहूरला रेल्वे स्टेशन झालं ते २००६ साली. त्याआधी आम्ही नाहूरकर पत्ता सांगताना 'भांडुपच्या पुढे, मुलुंडच्या अलीकडे' असंच सांगत असू. मी जी गोष्ट सांगणार आहे ती त्याच्याही चाळीस वर्षं आधीची, १९६६ सालची. तेव्हा इथे भातखाचरं होती, पूर्वेला दूरवर मिठागरं दिसायची आणि दिवसातून तीनदा कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे. माझे वडील, अण्णा, भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांची रात्रपाळी असली की आई लवकर आवरायची आणि मी कंदिलाजवळ बसून धाकट्या भावाला पुस्तक वाचून दाखवायची. मी अकरा वर्षांची होते, तो आठ वर्षांचा. मुलुंडच्या वाचनालयातून आणलेलं 'श्यामची आई' चाललं होतं. रोज एक रात्र. एकोणीस रात्री वाचून झाल्या आणि मे महिन्याची सुट्टी लागली.

मामा मला न्यायला आला. मी चिपळूणला जाताना ते पुस्तक बरोबर घेऊन गेले. भाऊ म्हणाला, 'पुस्तक ठेवून जा, आई वाचून दाखवेल.' मी म्हटलं, 'आल्यावर पुढचं वाचू.' पंधरा दिवसांनी मामाकडे पोस्टकार्ड आलं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता. अशुभाचं कार्ड असलं की तसा कोपरा फाडत आणि ते वाचून झालं की घरात ठेवत नसत. मामानं ते अंगणातच वाचलं आणि तिथेच फाडून टाकलं. मला एवढंच सांगितलं, 'चल, मुंबईला जायचंय.' विषमज्वरानं भाऊ गेला होता. मी पोचले तेव्हा त्याचं दप्तरही जागेवर नव्हतं.

पुढे मी मराठीची शिक्षिका झाले. पस्तीस वर्षं मुलांना धडे शिकवले, कादंबऱ्यांवर व्याख्यानं दिली. पण एक प्रश्न मी मनाशी नेहमी बाळगून होते. आपल्या मराठी कादंबऱ्यांतल्या मुलांचं कुणी जातं, तेव्हा ती मुलं काय करतात? त्यांचं दुःख कुठे जातं? आणि 'माझ्यामुळे झालं', 'मी तिथे नव्हतो' ही जी बोच मागे राहते, तिचं पुढे काय होतं? आज मी त्याचाच थोडा इतिहास सांगणार आहे.

सुरुवात हरिभाऊ आपट्यांपासून करावी लागते. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. लोक पुढच्या अंकाची वाट पाहत. या कादंबरीची नायिका यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. आपण बहुतेक जण ही कादंबरी विधवांच्या हालांची, केशवपनाची म्हणून लक्षात ठेवतो आणि ते बरोबरच आहे. पण कादंबरीचा पहिला मोठा भाग एका लहान मुलीचा आहे, हे आपण विसरतो. तापट वडील, सगळं सोसणारी आई, जीव लावणारा भाऊ, आणि हे सारं गप्प बसून पाहणारी यमू. तिची आई जाते आणि वडील दुसरं लग्न करतात. त्या काळी यात नवल काहीच नव्हतं. नवल हे, की मुलीला त्या वेळी काय वाटलं हे कुणीतरी विचारलं आणि छापलं. स्वतः हरिभाऊंची आई त्यांच्या लहानपणीच वारली होती. एका मोठ्या माणसानं आपलं पोरकेपण एका मुलीच्या तोंडून सांगितलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

यमूचं दुःख कुणी विचारत नाही. घरात कुणी गेलं की मोठ्यांना शंभर कामं असतात. दहा दिवसांचं सुतक, भटजी, येणारे-जाणारे, स्वयंपाक. मुलगा असेल तर निदान त्याच्या हातून अग्नी देतात, पिंड ठेवतात. त्याचं ते वय नसेल, पण त्याला काहीतरी करायला मिळतं. मुलीला काहीच करायचं नसतं. तिला शेजारी पाठवतात किंवा पाणी भरायला सांगतात. यमू काय करते? ती सगळं लक्षात ठेवते आणि पुढे लिहून काढते. मराठी कादंबरीत दुःखावरचा हा पहिला उपाय. तो एका मुलीनं सांगितला आहे.

यानंतर चाळीसएक वर्षांनी श्याम आला. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, यांची आई यशोदाबाई २ नोव्हेंबर १९१७ रोजी गेल्या. गुरुजी तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते. पंधरा वर्षांनी, स्वातंत्र्याच्या चळवळीत नाशिकच्या तुरुंगात असताना, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत, पाच दिवसांत, 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. १९३५ साली पुस्तक निघालं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं चित्रपटगृहात बसून डोळे पुसले.

या पुस्तकाला आपण संस्काराचं पुस्तक करून टाकलं. बक्षीस समारंभात ते मुलांच्या हाती देतो. मीही वर्गात तसंच शिकवत आले. पण उतारवयात ते पुन्हा एकटीनं वाचलं तेव्हा मला निराळंच पुस्तक दिसलं. श्याम आता मोठा आहे. आश्रमातल्या सोबत्यांना तो रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आणि आठवणी कसल्या? पाण्याला भिऊन दडून बसलो ती. पुस्तकासाठी पैसे चोरले ती. न सांगता घरातून पळालो ती. आईशी कधी उद्धटपणे वागलो, कधी तिला समजून घेतलं नाही, ती. एकेक रात्र म्हणजे एकेक कबुली आहे. आई किती थोर होती हे तो सांगतो खरा, पण त्या आड 'मी तिला किती त्रास दिला' हेही सांगत असतो.

आणि हे सगळं कशासाठी, ते शेवटी कळतं. घर कर्जात बुडालेलं, अब्रू गेलेली, आई अंथरुणाला खिळलेली, आणि श्याम दूर पुण्याला शिकतो आहे. तो घरी पोचतो तेव्हा आई राहिलेली नसते. एकेचाळिसाव्या रात्रीचं नावच 'भस्ममय मूर्ती' आहे. शेवटची भेट झाली नाही, ही त्या पुस्तकाची खरी जखम आहे. बेचाळीस रात्री सांगून त्यानं ती भेट घडवून आणली, असं मला वाटतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट पाहू. श्याम दूर का होता? शिकायला गेला होता म्हणून. हे त्याचं एकट्याचं नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, पुढे मोठ्या गावांतून इंग्रजी शाळा निघाल्या आणि खेड्यांतली हुशार मुलं घर सोडून निघाली. कुणी आत्याकडे राहिलं, कुणी वार लावून जेवलं, कुणी माधुकरी मागितली. घराशी नातं उरलं ते टपालाचं. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झालं. नंतर नंतर तारही घरोघर माहीत झाली. इतकी, की तारवाला दारात दिसला की बायका आधी रडायला लागत आणि मग तार वाचायला कुणीतरी शोधत. २०१३ साली तारसेवा बंद झाली तेव्हा पुष्कळ वयस्कर माणसांना आठवली ती अशीच एखादी तार. मुलगा शिकावा म्हणून आईबापांनी त्याला दूर पाठवायचं, आणि त्यांच्या शेवटच्या क्षणी तो जवळ नाही म्हणून त्यानं आयुष्यभर झुरायचं. शिक्षणाची ही किंमत कुठल्या अहवालात सापडत नाही. ती कादंबऱ्यांत सापडते.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. चार्ल्स डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला डेव्हिड बोर्डिंग शाळेत आहे. त्याच्या वाढदिवसाच्या दिवशी त्याला आत बोलावणं येतं. घरून खाऊ आला असेल म्हणून तो आनंदानं धावत जातो, आणि शाळाचालकाची बायको त्याला आई गेल्याचं सांगते. डिकन्सनं पुढे जे लिहिलंय ते फार धीटपणाचं आहे. डेव्हिड मनापासून रडतो. पण मैदानात फिरताना इतर मुलं खिडक्यांतून आपल्याकडे बघताहेत, हेही त्याच्या लक्षात येतं, आणि आपण आज कुणीतरी विशेष आहोत असं त्याला वाटतं. मी हे प्रथम कॉलेजात वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलींनी मला पहिल्या बाकावर बसवलं होतं, बाईंनी गृहपाठ माफ केला होता, आणि मला ते आवडलं होतं. भाऊ गेलाय आणि मला हे आवडतंय, याची लाज मी दहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती लाज एका परक्या देशातल्या मुलालाही वाटली होती हे कळल्यावर मला कितीतरी हलकं वाटलं. कादंबरीचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी हे सांगते.

आता नाहूरहून चार स्टेशनं मागे, घाटकोपरला जाऊ. तिथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे राहत होते. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावातून लहानपणी आईवडिलांबरोबर ते मुंबईला आले ते पायी. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिराचा बाप राणोजी गावाच्या इभ्रतीसाठी शेजारच्या गावची जोगणी आणायला जातो आणि मारला जातो. त्याचं शिर कापून नेलं जातं. मागे आजा दौलती, आजी राही, आई राधा आणि लहानगा फकिरा.

श्यामला आणि फकिराला शेजारी ठेवून पाहा. श्यामचा शोक घरातला आहे. तो सांगायला त्याला रात्री आहेत, ऐकायला सोबती आहेत. फकिराच्या बापाचं मरण मात्र साऱ्या गावाचं होऊन बसतं. गाव त्याचे पोवाडे गाईल, पण त्या पोरानं कुणाच्या कुशीत जाऊन रडावं? 'तू राणोजीचा मुलगा' हे वाक्य त्याला लहानपणापासून पाठीवर ओझ्यासारखं वाहावं लागतं. गरिबाच्या, उपेक्षिताच्या पोराला दुःख करत बसायला सवड नसते. त्याला लगेच मोठं व्हावं लागतं. फकिरा आपली गोष्ट स्वतः सांगत नाही. ती त्याच्यासाठी अण्णा भाऊंनी सांगितली. कारखान्यांच्या या पट्ट्यात मी अशी पुष्कळ पोरं पाहिली. बाप अपघातात गेला की तेराव्या दिवसानंतर मुलगा शाळेऐवजी गॅरेजमध्ये दिसायचा. वर्गातल्या हजेरीपटावर त्याचं नाव महिनाभर राहायचं, मग मीच लाल रेघ ओढायची. त्या पोरांची कबुली ऐकायला बेचाळीस रात्री कुणाकडे होत्या? माझ्याकडेही नव्हत्या, हे मान्य केलं पाहिजे.

'फकिरा'नंतर चार वर्षांनी, १९६३ साली, भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. लेखक पंचविशीतला आणि नायक पांडुरंग सांगवीकरही तेवढाच. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला. पुन्हा तेच, शिक्षण आणि दुरावा. त्याची धाकटी बहीण मनी गावी देवीच्या रोगानं जाते. या कादंबरीतला पांडुरंग एरवी सगळ्याची टर उडवतो, कशातच मन गुंतवत नाही. मनीच्या मरणाशी आल्यावर मात्र त्याची ती टवाळी त्याला वाचवू शकत नाही. तो श्यामसारखा हात जोडून रडत नाही. तो चिडतो. घरच्यांवर, त्यांच्या अडाणीपणावर, एकूण जगण्यावरच चिडतो. आणि मग एक विलक्षण समजूत काढतो. मनीबरोबर तिच्या पोटी पुढे येऊ शकणाऱ्या साऱ्या पिढ्याही थांबल्या, एक साखळी तुटली, म्हणजे पुढचं तेवढं दुःखही टळलं, अशी काहीशी. ही समजूत ऐकायला कठोर आहे. पण शोकात असलेल्या तरुण मुलाशी कधी बोलला असाल तर तुम्हाला ती ओळखीची वाटेल. रडू येत नाही म्हणून तो तर्क करत राहतो.

त्याच्या रागाला आधारही होता. देवीची लस काही नवी नव्हती. भारतातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी याच मुंबईत टोचली गेली होती, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. म्हणजे 'कोसला'च्या एकशे साठ वर्षं आधी. तरीही खेड्यापाड्यांत मुलं मरत होती. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला आणि देशातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. जे मरण टाळता आलं असतं, ते सर्वांत जास्त सलतं. म्हातारं माणूस गेलं तर आपण नशीब म्हणतो. औषध असून लेकरू गेलं तर कुणाला तरी दोषी धरावंच लागतं; आणि घरातली मुलं तो दोष बहुतेक वेळा मुकाट्यानं स्वतःकडे घेतात. मी पुस्तक घेऊन गेले आणि भाऊ आजारी पडला, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला शिकल्यासवरल्यावर कळलं. पण अकरा वर्षांच्या मुलीला तो संबंध स्पष्ट दिसत होता.

शेवटचं उदाहरण प्रकाश नारायण संतांच्या लंपनचं. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं. काटेकोरपणे पाहिलं तर त्या कथा आहेत. पण लंपन एकच, गाव एकच, काळ पुढे सरकतो, त्यामुळे वाचक त्या एका लांब कादंबरीसारख्या वाचतात. लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. हसवता हसवता अचानक घशात काहीतरी अडकतं, असं ते लेखन आहे. आणि चौथ्या पुस्तकात, 'स्पर्श' या कथेत, लंपनचे वडील जातात.

लेखकाचं स्वतःचं आयुष्य असंच होतं. प्रकाश संतांचा जन्म १९३७ सालचा. कवयित्री इंदिरा संत त्यांच्या आई. वडील, प्राध्यापक ना. मा. संत, १९४६ साली वारले तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याच घरातल्या त्याच मरणाचं दुःख इंदिराबाईंनी कवितांत लिहिलं. 'शेला' हा त्यांचा संग्रह १९५१ साली आला. म्हणजे आईचं दुःख पाच वर्षांत पुस्तक होऊन लोकांसमोर आलं. मुलाचं पहिलं पुस्तक, 'वनवास', निघालं १९९४ साली, आणि वडिलांच्या मरणापर्यंत तो पोचला त्यानंतर, अगदी शेवटच्या पुस्तकात. मधल्या काळात तो भूगर्भशास्त्र शिकला, कराडला कॉलेजात प्राध्यापक झाला, संसार केला. नऊ वर्षांच्या मुलाचं दुःख अर्धशतक आत थांबून राहिलं, आणि तेही बाहेर आलं ते लंपन या दुसऱ्याच नावानं. २००३ साली संतांचं अपघाती निधन झालं. त्यांनी ते लिहून ठेवलं नसतं तर एका घरातल्या मुलाला काय वाटलं होतं हे आपल्याला कधीच कळलं नसतं. आईच्या कविता वाचून सुद्धा कळलं नसतं. एकाच घरात प्रत्येकाचं दुःख वेगळं असतं.

यमू, श्याम, फकिरा, पांडुरंग आणि लंपन. शंभर वर्षांतली ही पाच मुलं पाहिली की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की मुलाला त्या घडीला कुणी काही विचारत नाही. त्याला बाजूला नेतात, दूर ठेवतात, 'तो लहान आहे, त्याला काय कळतंय' म्हणतात. हे प्रेमापोटीच होतं. मामानं माझ्यापासून ते कार्ड लपवलं तेही प्रेमापोटीच. पण न सांगितलेली जागा मूल स्वतःच भरून काढतं आणि बहुतेक वेळा ती स्वतःच्या अपराधानं भरतं. दुसरी गोष्ट, यातली बहुतेक मुलं स्वतःची गोष्ट 'मी' म्हणून सांगतात. यमू लिहिते, श्याम रात्री बोलतो, पांडुरंग आणि लंपन आपल्याशी थेट बोलतात. सांगणं हेच त्यांचं औषध आहे.

मात्र या औषधाचं फार कौतुक करायचं नाही. सांगितलं की सगळं बरं होतं, असं नसतं. ज्यांनी बेचाळीस रात्री सांगितल्या त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं जीवन संपवलं. त्यामागे देशाची आणि काळाचीही दुःखं होती. पण सांगणाऱ्याला शेवटपर्यंत ऐकणारं कुणीतरी लागतं, एवढं त्यातून आपण घेतलं पाहिजे.

हे सगळं आज का सांगते आहे? २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचे वडील गेले. मुलगा बारा वर्षांचा. माझ्याकडे मराठी शिकायला यायचा. वडिलांना रुग्णालयात नेलं ते शेवटचंच; घरी आणलंच नाही. अंत्यदर्शन नाही, नातेवाईक नाहीत, दारावर कुणी येत नाही. मला वाटलं, शंभर वर्षांनंतर आपण पुन्हा तिथेच आलो. इतकं की हा मुलगा घरातच होता, आणि तरी श्यामइतकाच दूर होता.

बरेच महिने तो गप्प होता. मग एका संध्याकाळी शुद्धलेखन लिहिता लिहिता म्हणाला, 'आजी, बाबांचा फोन आला होता. मी गेम खेळत होतो. मी म्हटलं, नंतर करतो. मग झालाच नाही.'

माझ्या तोंडावर आलं होतं, 'अरे, तुझा काय दोष त्यात?' पण ते मी गिळलं. मला लहानपणी सगळे हेच म्हणाले असते आणि मी मान डोलावून गप्प बसले असते. मी विचारलं, 'काय बोलणार होते रे बाबा, असं वाटतं तुला?' तो तासभर बोलला. बाबा रोज काय विचारायचे, कसे चिडायचे, वरणात लिंबू किती पिळायचे. मध्ये रडला, मग पुन्हा बोलला. त्याची आई न्यायला आली तेव्हा मी खुणेनंच तिला बसायला सांगितलं. नवऱ्याबद्दलच्या काही गोष्टी तिनंही त्या दिवशीच प्रथम ऐकल्या.

आपल्यापैकी कुणाच्या घरात, शेजारात, वर्गात असं मूल असेल तर एवढंच करा. त्याला खरं काय ते सांगा, त्याला झेपेल तेवढं, पण खोटं सांगू नका. जाणाऱ्याच्या वस्तू लगेच उचलून ठेवू नका. आणि ते म्हणालं की माझ्यामुळे झालं, तर घाईनं 'नाही' म्हणण्याआधी ते असं का म्हणतंय ते ऐकून घ्या. 'नाही' नंतरही म्हणता येतं. ते बोलायला तयार नसेल तर एखादी कादंबरी हाताशी ठेवा. आज ना उद्या ते ती उघडेल.

त्या संध्याकाळी मी त्या मुलाला माझ्या भावाची गोष्ट सांगितली. पुस्तक चिपळूणला नेल्याची. पूर्वी मी ती फार थोड्या लोकांना सांगितली होती. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, 'मग ते पुस्तक कुठे आहे?' ते माझ्याकडेच होतं. मी वाचनालयात परत करायला तयार नव्हते, तेव्हा अण्णांनी त्याची किंमत भरून टाकली होती. कपाटातून काढून त्याला दाखवलं. पिवळी पडलेली पानं त्यानं जपून उलटली. एकोणिसाव्या रात्रीपाशी एस.टी.चं जुनं तिकीट होतं.

'पुढचं वाचा की,' तो म्हणाला. मी चष्मा लावला आणि विसाव्या रात्रीपासून वाचायला सुरुवात केली.